रमच्या पिंपात (कास्कमध्ये) मुरलेली राय व्हिस्की : एंजल्स एन्व्ही राय, जळगावच्या थंडीत

आधीच सांगून टाकतो, बाटली मनापासून आवडली. पण लोक ही ज्या कारणासाठी घेतात त्या कारणासाठी नाही. लोक घेतात रमच्या गोडव्यासाठी, आणि गोडवा आहेच, भरपूर आहे. मला भावला तो त्या गोडव्याच्या खालून हळूहळू वर येणारा राय या धान्याचा झणका. तो यायला वेळ लागतो, घाईत प्यायलात तर नुसती महागडी गोड दारू प्यायल्यासारखं होईल आणि मग म्हणाल की पैसे वाया गेले.

आमच्याकडं ही न्यू जर्सीच्या मावसभावानं दिवाळीला येताना आणली. जळगाव-भुसावळच्या वाइन शॉपमध्ये मला तरी ही कुठं दिसली नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानात चौकशी करावी नाहीतर बाहेरून येणाऱ्या कुणाला सांगावं, एका माणसाला दोन लिटर आणता येतात. अमेरिकेत साधारण ८० ते १०० डॉलर पडतात, म्हणजे आपले सात ते नऊ हजार धरा, इकडं ड्युटी लागून विकत घ्यायची तर आकडा बघूनच बसायला होतं.

कंपनी केंटकीतल्या लुईव्हिल शहराची. लिंकन हेंडरसन म्हणून मोठा माणूस होऊन गेला, जवळपास चाळीस वर्षं ब्राउन-फोरमन या दारू कंपनीत, वुडफर्ड रिझर्व्ह आणि जंटलमन जॅक या व्हिस्कींमागं त्यांचाच हात. निवृत्तीनंतर मुलगा वेस यानं वडिलांना परत कामाला लावलं आणि दोघांनी हे सुरू केलं. आधी पोर्ट या गोड वाइनच्या पिंपात मुरवलेली बर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की) काढली, मग २०१३ मध्ये ही रमच्या पिंपातली राय, आणि त्याच वर्षी लिंकन हेंडरसन गेले. २०१५ पासून कंपनी रमवाल्या बकार्डीची आहे.

आता राय म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण आपल्याकडं कुणी राय पेरत नाही, ज्वारी-बाजरी-दादरवाली माणसं आपण. गव्हाच्या नात्यातलं थंड मुलखातलं धान्य आहे, भाकरी केली तर काळपट होते. अमेरिकन कायद्यानं ५१ टक्के राय असली की झाली राय व्हिस्की, पण हिच्यात ९५ टक्के राय आहे आणि ५ टक्के मॉल्ट केलेली, म्हणजे मोड आणून वाळवलेली जव. म्हणजे गोडवा देणारा मका अजिबातच नाही. हीच ९५-५ ची रेसिपी इंडियाना राज्यात लॉरेन्सबर्गच्या मोठ्या डिस्टिलरीची म्हणून ओळखली जाते, बुलेट राय नावाची व्हिस्कीसुद्धा त्याच घराण्यातली. ज्यानं बुलेट राय चाखलीय त्याला कळेल की हे धान्य एकटं सोडलं तर किती कडक बोलतं.

मग काय केलं, तर आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात ही राय वर्षानुवर्षं मुरवली आणि त्यानंतर कॅरिबियन रमच्या पिंपात १८ महिन्यांपर्यंत ठेवली. ती पिंपंही रमच्या आधी फ्रान्समध्ये कोन्याकची (द्राक्षांच्या ब्रँडीची) होती, म्हणजे लाकडानं तीन दारू बघितल्या. लोणच्याच्या बरणीत नंतर काहीही भरा, कितीही धुवा, वास उतरतोच, तसलाच हा मामला आहे फक्त इथं तो मुद्दाम घडवून आणलाय. लाकडाच्या फळीत रम आतपर्यंत शिरलेली असते, उन्हाळ्यात व्हिस्की फुगून फळीत घुसते, थंडीत बाहेर येते आणि येताना ती रम ओढून आणते. (जाता जाता, बंगळुरूला अमृत व्हिस्कीच्या पिंपातली दारू वर्षाला दहा टक्क्यांच्या वर हवेत उडते म्हणतात, आपल्या भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, इथं कुणी पिंप ठेवलं तर काय उरेल हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.)

बाटलीतली ताकद ५० टक्के. आपल्या नेहमीच्या व्हिस्कीपेक्षा सात-आठ टक्के वर, हे लक्षात ठेवूनच ओता.

वास. इथं मी जास्त बोलणार, कारण निम्मी मजा इथंच आहे आणि आपण खान्देशी माणसं यात पुढं आहोत. ग्लास नाकाशी नेला की पहिलं केळं येतं. नुसतं केळं नाही, रावेर-यावलकडं केळी पिकवायच्या चेंबरचं दार उघडल्यावर जो कोंडलेला गोड वास अंगावर येतो ना, सालीवर काळे ठिपके पडायला लागलेल्या घडाचा, तो. याचं कारण आहे, आयसोअमाइल असिटेट नावाचं एस्टर (वास देणारं रसायन) पिकल्या केळ्यात असतं आणि रम आंबवताना यीस्टही तेच तयार करतं. परदेशी लोक याला ट्रॉपिकल फ्रूट म्हणून मोकळे होतात. आपल्याला पिवळ्या केळ्यातला आणि ठिपक्याच्या केळ्यातला फरक लहानपणापासून माहीत असतो, म्हणून आपल्याला इथं जास्त दिसतं. त्याच्यामागं मळीचा वास, गळीत हंगाम चालू असताना शहाद्याकडं कारखान्याजवळून गाडी गेली की येतो तो, फक्त खूप सौम्य केलेला. थोडा व्हॅनिला, संत्र्याची वाळलेली साल.

एवढ्यावर थांबू नका. ग्लास तसाच ठेवा, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, गप्पा मारा. मग परत नाक लावा. आता केळं मागं सरकलेलं असतं आणि शेपू येतो. होय, शेपूची भाजी, निवडताना हाताला लागतो तो हिरवा वास. रायची खरी ओळख ही आहे. त्याच्या शेजारी काळी मिरी आणि लवंग. पहिल्या वासात यातलं काहीच नव्हतं. ज्यांना शेपू आवडत नाही त्यांनीही घाबरू नये, इथं तो गोडाच्या सोबतीनं आलाय, आणि त्याच्यामुळेच ही दारू काकवीसारखी चिकट होत नाही.

चव. पहिला घोट जिभेवर आला तेव्हा आमच्या अमळनेरच्या मित्रानं लगेच निकाल दिला, "हाई ते रम शे ना भाऊ!" बरोबरच होतं त्याचं, पहिल्या क्षणी गूळ, भाजलेली साखर, आल्याच्या वडीसारखं काहीतरी, सगळा गोड माल पुढं. मी म्हटलं आता गिळायची घाई करू नको, जिभेच्या मागं जाऊ दे. मग मिरीचा चटका बसतो, जिभेच्या दोन्ही कडांना, तिथून घशात उतरताना लवंग आणि ओकचा कोरडेपणा. गिळल्यावर तोंडात गोड उरत नाही, तिखट उरतं, आणि बराच वेळ उरतं. मित्र थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "आते समजनं." त्यानं नंतर सोडा मागितला नाही.

पाण्याचं नीट ऐका. सोडा नको, कोला तर अजिबात नको, गोडात गोड मिसळून काय हाती लागणार. चमच्यानं पाणी घाला, तीस मिलीला अर्धा चमचा पुरे. अर्ध्या चमच्यानं मिरी मोकळी होते आणि अल्कोहोलचा भपका बसतो. दोन चमच्यांच्या पुढं गेलात की गोडवा पसरट होतो आणि राय बुडते. बर्फ टाकायचाच असेल तर एकच मोठा खडा, पण बर्फानं वास मरतो आणि वास मेला की अर्धी बाटली फुकट गेली असं मी मानतो.

आपल्या हवेत ही दारू कधी प्यावी हा वेगळा प्रश्न आहे. मार्चनंतर खोलीत ३५-३६ डिग्री असते, कूलर लावला तरी, आणि ५० टक्क्यांची दारू त्या गरमीत नाकात नुसती टोचते, केळं नाही आणि शेपू नाही. प्यायचीच असेल तर ग्लासात ओतण्याआधी बाटली दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, जास्त नको. खरी वेळ डिसेंबर-जानेवारी. ग्लास बारक्या तोंडाचा घ्या, पसरट ग्लासात वास उडून जातो.

आणि थंडी म्हटली की भरीत आलंच. शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, ठेचलेली हिरवी मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, सोबत कळण्याची भाकरी. भरताचा धूर आणि या व्हिस्कीतलं जळलेलं लाकूड एकमेकांना इतकं धरून राहतात की मी थक्क झालो. फक्त मिरची हात राखून टाकायला सांगा. शेवभाजीसोबत मात्र जमत नाही, काळ्या मसाल्याचा रस्सा एवढा जबरदस्त असतो की ग्लासातलं सगळं झोपतं, शेवभाजी नंतर जेवणात घ्या. चखण्याला सगळ्यात छान गेले ते मिरीवाले केळीचे वेफर्स, खारट, कुरकुरीत, आणि केळं-मिरी दोन्ही आधीच ग्लासात हजर. शेवटी गूळ-शेंगदाण्याचा छोटा तुकडा, पण अगदी छोटा.

खटकलं ते पण सांगतो. दुसऱ्या पेगला गोडवा जड व्हायला लागतो. ही बसून लांबवायची दारू नाही, एक पेग तब्येतीत घ्यावा आणि थांबावं, रोजच्या ग्लासासाठी तर नाहीच. ज्याला खणखणीत कोरडी राय हवी त्यानं रम-बिमच्या भानगडीत न पडता साधी राय घ्यावी, निम्म्याहून कमी पैशात काम होईल. आणि ज्याला रमचं पिंप हवंय पण चटका नकोय त्याच्यासाठी बाल्व्हेनीची १४ वर्षांची कॅरिबियन कास्क आहे, स्कॉच सिंगल मॉल्ट, ४३ टक्के, मऊ आणि गुळगुळीत. मला ती जरा आज्ञाधारक वाटते, हिच्यात भांडण आहे, धान्य आणि पिंप दोघंही हटत नाहीत, आणि मला ते भांडणच आवडलं. ओल्ड फॅशन्ड नावाचं कॉकटेलही करून पाहिलं, त्यात साखर टाकूच नका, बिटर्सचे (कडवट मसालेदार अर्काचे) दोन-तीन थेंब आणि संत्र्याच्या सालीचा एक पिळा बास, वेगळ्या साखरेची गरजच पडत नाही.

बाटली दिसायला देखणी आहे, मागच्या काचेवर दोन पंख कोरलेत, बुचासकट जड. भेट द्यायला उत्तम, पण ज्याला द्याल तो कोलात ओतणारा नाही याची खात्री करून द्या.

उघडल्यावर बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली की बूच दारूत भिजून खराब होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीच्या कपाटात ठेवू नका, खालच्या मजल्यावर, अंधारात ठेवा. अर्ध्याच्या खाली गेली असेल तर होळीच्या आत संपवा, नाहीतर स्वच्छ धुतलेल्या लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, कारण रिकाम्या जागेत हवा शिरली की सगळ्यात आधी जातं ते केळं.