जुन्या पिकअपचं ॲव्हरेज आणि पाचशे रुपयांचा ओबीडी डोंगल

ईएलएम ३२७ या नावाने मिळणारा ब्लूटूथ ओबीडी डोंगल हा काडेपेटीएवढा डबा. ओबीडी म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच बिघाड आणि इंजिनचे आकडे सांगतो ती सोय. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचा, मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप टाकायचं की इंजिनचे आकडे समोर. ऑनलाइन चारशे ते हजार रुपयांत येतो. जुनी डिझेल पिकअप ॲव्हरेज का देत नाही हे यावर कळतं का? अर्धंमुर्धं कळतं. पण कोकणात, त्यातही मासळीच्या गाडीत, उरलेलं अर्धं दुखणं चाकांत असतं आणि तिथे हा डबा आंधळा आहे.

विकत घेण्याआधी बॉनेट उघडून बघा. मेकॅनिकल पंपाची गाडी असेल तर तिला इंजिनचा कॉम्प्युटरच नाही. तिच्यासाठी पाचशे रुपये घालवू नका, तेवढ्यात नवा एअर फिल्टर येईल. कॉमन रेल इंजिन (सगळ्या सिलिंडरांना एकाच नळीतून, कॉम्प्युटरच्या हुकमाने डिझेल देणारं) असेल तर १६ पिनांचं सॉकेट सापडेल. मल्टिमीटरने १६ नंबर आणि ४ नंबर पिनमध्ये बॅटरीइतका व्होल्टेज येतो का ते तपासा. इथल्या दमट खाऱ्या हवेत या पिनांवर हिरवा गंज चढतो आणि "डोंगल खराब निघाला" म्हणून परत पाठवलेल्या डब्यांपैकी काहींचा दोष खरं तर सॉकेटचा असतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पुन्हा बघा.

डब्यावर "१.५ व्हर्जन" असं छापलेलं बऱ्याचदा दिसेल. मूळ ईएलएम कंपनीने १.५ नावाचं व्हर्जन कधी काढलंच नव्हतं, म्हणजे माल नकलीच. गंमत अशी की २.१ छापलेल्या नकलेपेक्षा ही १.५ ची नक्कल सहसा बरी चालते, कारण २.१ मधल्या बऱ्याच कमांड कापलेल्या असतात. पेअरिंगचा पिन १२३४ किंवा ००००. आयफोन असेल तर साधं ब्लूटूथ चालत नाही, वायफाय किंवा बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) लिहिलेला घ्यावा. जुन्या गाडीत माहिती हळू येते, म्हणून स्क्रीनवर तीन-चारच मीटर ठेवा. दहा ठेवलेत तर सगळेच अडखळतात.

आता ज्याच्यासाठी लोक तो घेतात, तो ॲपमधला "लिटरला किती किलोमीटर" हा काटा. डिझेल गाडीत त्याच्यावर अजिबात विसंबू नका. बरीचशी ॲप्स हवेच्या मापावरून इंधनाचा हिशेब काढतात आणि एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे पेट्रोलचं गणित धरतात. डिझेल इंजिन हवा भरपूर घेतं आणि डिझेल लागेल तेवढंच टाकतं. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) हे प्रमाण एकास साठच्याही पुढे जातं, लोडवर वीसच्या आसपास येतं. त्यामुळे ॲपचा आकडा पार भलताच दाखवतो. खरं माप जुन्याच पद्धतीने काढायचं: एकाच पंपावर, त्याच मशीनवर, सपाट जागी उभी करून टाकी फुल्ल, किमान तीनशे किलोमीटर, परत फुल्ल. रिकामी फेरी आणि आंब्याच्या पेट्या भरून वाशीला नेलेली फेरी एका हिशेबात घालू नका.

किलोमीटरही तपासा. हे काम डोंगल छान करतो: गाडीचा वेग आणि मोबाइलच्या जीपीएसचा वेग शेजारी शेजारी लावा. मूळ मापापेक्षा मोठे टायर असतील तर जीपीएस जास्त दाखवेल. ओडोमीटरने १०० मोजले तेव्हा गाडी १०५ चालली असेल, आणि त्यात ८ लिटर गेले असतील, तर १२.५ वाटणारं ॲव्हरेज प्रत्यक्षात १३.१ आहे. अशा गाडीला औषधाची गरजच नाही.

डोंगलचे पैसे खरे वसूल होतात ते कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या तापमानात. घाटात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट वॉल्व (इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा) काढून फेकायचा, ही आपल्याकडच्या गॅरेजमधली जुनी खोड. मग इंजिन कायम थंड राहतं, कॉम्प्युटर त्याला गरम करायला जास्त डिझेल देतो, आणि डॅशबोर्डवरचा काटा इतका ढोबळ की काही कळत नाही. ॲपवर आकडा ऐंशी अंशांच्या घरात जाऊन तिथेच टिकायला हवा. आंबा घाट उतरून साखरप्याला येईपर्यंत तो साठवर घसरत असेल, सपाट रस्त्यावरही सत्तरच्या वर जात नसेल, तर वॉल्व उघडा अडकलाय किंवा जागेवर नाहीच. पी ०१२८ हा बिघाडाचा कोड याचाच, पण वॉल्व काढलेल्या सगळ्याच गाड्यांत तो उमटेल असं धरू नका. नवा वॉल्व बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडा. उघडण्याचं तापमान त्याच्यावर कोरलेलं असतं, बहुतेकदा ८२ च्या आसपास. त्याच्या बराच आधी उघडला तर दुकानदाराला परत द्या. आणि गाडी खरोखर तापतच असेल, तर रेडिएटर साफ करा. वॉल्व काढणं हा त्याच्यावरचा इलाज नव्हे.

दुसरा आकडा मॅनिफोल्ड प्रेशरचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचा. चावी ऑन, इंजिन बंद: रत्नागिरी-मालवणला समुद्रसपाटीवर १०० ते १०१ केपीए (किलोपास्कल, दाबाचं माप) यायला हवेत, आंबोलीत साधारण ९३. इतका फरक बरोबर दिसला की सेन्सर शाबूत आहे असं समजा. मग टर्बोची (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याची) गाडी भरून, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आकडा ११०-१२० वरच घुटमळला आणि मागे काळा धूर, तर इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होस चिरलाय किंवा क्लॅम्प ढिला आहे. जोडापाशी तेलकट काळा डाग शोधा, बऱ्याचदा तिथेच सापडतं. कोड आला तर पी ०२९९. टर्बो बदलायचा खर्च कुणी सांगण्याआधी हा होस बघून घ्या.

रेल प्रेशर, म्हणजे कॉमन रेल नळीतल्या डिझेलचा दाब, आयडलिंगला साधारण २५० ते ३५० बार. ॲप केपीएत दाखवत असेल तर शेवटचे दोन अंक उडवा. इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) गळत आहेत का हे मात्र हा डबा सांगत नाही. त्यासाठी इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून चारांना सारख्या लांबीच्या पारदर्शक नळ्या आणि सारख्या बाटल्या लावायच्या, मुख्य रिटर्न बंद करायचा आणि पाच मिनिटं आयडलिंगला ठेवायचं. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर तोच इंजेक्टर लॅबला पाठवा, चारही नाही. चालू इंजिनवर प्रेशरच्या लोखंडी नळीला हात लावू नका. ती धार कातडी भेदून आत जाते.

राहता राहिली चाकं. मिरकरवाडा, हर्णै अशा बंदरांवरून मासळी नेणाऱ्या गाडीत बर्फाचं खारं पाणी हौद्यातून थेट मागच्या ॲक्सलवर ठिबकतं. व्हील सिलिंडरचा (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन गंजून अडकतो, हँडब्रेकची केबल आतल्या आत धरते, लायनर ड्रमला घासत राहतात. गाडी जड चालते, पण इंजिनमध्ये काहीच बिघडलेलं नसल्याने डोंगल "नो फॉल्ट" म्हणून मोकळा. दहा किलोमीटर चालवून, शेवटी ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्या आणि चारही चाकांचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. डाव्या-उजव्यात २०-३० अंशांचा फरक म्हणजे गरम चाक धरतंय. ते जॅकवर उचलून हाताने फिरवा. ब्लीडिंग निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा स्क्रू) किंचित सैल केल्यावर चाक सुटलं, तर ब्रेक ऑइलचं प्रेशर मागे अडकतंय: रबरी होस आतून फुगलाय किंवा मास्टर सिलिंडर (पेडलकडून ऑइलला दाब देणारा) बिघडलाय. निपल सैल करूनही सुटलं नाही, तर गंज ड्रमच्या आत किंवा केबलमध्ये. मासळीच्या प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने खालून धुणं याला पर्याय नाही.

एअर फिल्टरचंही तसंच. जांभ्याची लाल धूळ मे महिन्यात साचते, पावसाळ्यात ओल धरते आणि कागदाच्या घड्यांत चिखल बसतो. आपटून तो निघत नाही, फिल्टर बदलावाच लागतो. डिझेल फिल्टरखालचं पाणीही पावसाळ्यात वरचेवर सोडत जा.

घ्यावा का? कॉमन रेल असेल तर घ्या, थर्मामीटर जोडीला ठेवून. कामाचे आकडे चार: कूलंट, मॅनिफोल्ड, रेल, वेग. फक्त काम झालं की डोंगल काढून ठेवा. १६ नंबरची पिन चावी बंद असतानाही चालू असते, आणि गाडी पावसात आठ-दहा दिवस उभी राहिली तर जुनी बॅटरी सकाळी स्टार्टरला साथ देणार नाही.