दिवाळीचा माल की भाताची सुगी: ओटी, हंगामी माणसं आणि कंत्राटदार

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या दोन-तीन लहान कारखान्यांची हजेरी आणि पगार मी सांभाळतो. गणपती उठले की दरवर्षी तोच विषय निघतो. दिवाळीआधीचा माल वेळेत काढायचा तर असलेल्या माणसांना ओटी (ओव्हरटाइम, म्हणजे जादा तासांचं काम) द्यायची, गावाकडून हंगामी माणसं थेट घ्यायची, की कंत्राटदाराला फोन लावायचा? मालक पहिला प्रश्न दराचा विचारतात. मी आधी कॅलेंडर पुढे करतो.

2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ते 8 नोव्हेंबरला आलंय, दसरा 20 ऑक्टोबरला. अठरा दिवस जास्त मिळाले म्हणून खूश होऊ नका. खानापूर, बेळगाव तालुका आणि पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडमधलं भात याच सुमाराला कापणीला येतं. ऑपरेटर येळ्ळूरचा असो की हेल्पर तुर्केवाडीचा, सुगीचे आठ दिवस तो शेतातच असणार. कायमचा असो वा कंत्राटी, भात सगळ्यांचंच पिकतं. म्हणून माणसं किती हवीत यापेक्षा कोण कुठल्या आठवड्यात नसणार, हे आधी लिहून काढा. मी हजेरीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहितो, कारण पाऊस लांबला की तारखा सरकतात.

आता दर. हिशेब सोपा जावा म्हणून दिवसाचे 600 रुपये धरू. प्रत्यक्षात किमान वेतनाखाली जाता येत नाही, आणि माणूस चंदगडचा असला तरी काम उद्यमबागेत असेल तर किमान वेतन कर्नाटकाचंच लागतं.

आठ तासांचे 600 म्हणजे तासाला 75. ओटी दुप्पट, म्हणजे 150. लेथ चालवणारे चार टर्नर दोन-दोन तास थांबले की एका माणसाचं दिवसभराचं काम निघतं आणि 1,200 रुपये जातात. त्याऐवजी हंगामी माणूस घेतला तर 600, वर मालकाचा पीएफ प्रशासकीय खर्चासह 13 टक्के म्हणजे 78, ईएसआयचे (कामगार विम्याचे) 3.25 टक्के म्हणजे साडेएकोणीस. झाले साधारण 700. वर्षात त्याचे कामाचे 30 दिवस भरले तर 8.33 टक्के किमान बोनसही लागू होतो, म्हणजे आणखी 50. तरीही ओटीपेक्षा साडेचारशेंनी स्वस्त.

इथेच बहुतेक जण फसतात. लेथवर नवा माणूस पहिले दहा दिवस निम्मंच काम देतो. मग त्याच्याकडून पूर्ण दिवसाचं काम 1,400 ला पडतं, शिवाय रिजेक्शन वेगळं. आणि दहा दिवसांनी हात बसेपर्यंत त्याची सुगी येते! म्हणून टर्नर, सीएनसी, मोल्डिंग या कामांना मी ओटीच सांगतो, तीसुद्धा दसऱ्यापर्यंत आणि आठवड्यातून चार दिवस. तिसऱ्या आठवड्यात थकलेला माणूस मापात चुकतो, हे मी डिस्पॅचच्या परत आलेल्या पेट्यांवर पाहिलंय. पॅकिंग, फेटलिंग (ओतीव मालाचे खडबडीत काठ घासणं), रंग, माल चढवणं-उतरवणं, इथे मात्र हंगामी माणूस दोन दिवसांत तयार होतो. त्या कामावर ओटी देणं म्हणजे पैसे उधळणं.

ओटीची आणखी एक अडचण नवरात्रात येते. पहाटे दुर्गामाता दौड असते. पांढरे कपडे, भगवा फेटा अशा वेशात पोरं तिथूनच थेट गेटवर येतात. 11 ऑक्टोबरपासून दसऱ्यापर्यंत पहिली पाळी अर्धा तास उशिरा सुरू करा. लेटमार्क मारत बसलात तर संध्याकाळी ओटीला कुणी थांबणार नाही.

हंगामी माणसं घेताना मोजणी मात्र नीट करा. 18 माणसांच्या वर्कशॉपने दिवाळीपुरती तीन घेतली की आकडा 21 होतो. पीएफ आणि बोनस 20 ला लागू होतात, आणि पीएफ एकदा लागू झाला की माणसं पुन्हा 18 झाली तरी सुटत नाही. पीएफसाठी कंत्राटदाराची माणसंही तुमच्याच मोजणीत धरतात. म्हणजे 17-19 माणसं असलेल्याला ओटी महाग दिसली तरी तीच परवडते. 40 माणसं असलेल्याला हा प्रश्नच नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यामुळे पंधरा दिवसांच्या माणसालाही नेमणूकपत्र द्यायला हवं. एक पान पुरतं, पण ते हवंच.

कंत्राटदाराचं एक बरं असतं. रात्री फोन केला की सकाळी दहा माणसं गेटवर. त्याचं कमिशन आणि 18 टक्के जीएसटी बिलात दिसतो. जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर तो फारसा बोचत नाही. बोचतं ते वेगळंच. एका दिवाळीत पगाराच्या आदल्या दिवशी मी कंत्राटदाराचं पीएफ चलन मागितलं. आमच्या हजेरीत 17 माणसं होती, चलनात 11 नावं. कंत्राटदाराने नाही भरलं तर ते मूळ मालकाच्या गळ्यात येतं. तेव्हापासून चलन हातात आल्याशिवाय मी बिल पुढे पाठवत नाही. आणि त्याच्या माणसांच्या गावांची यादी आधी घ्या. सगळी चंदगड-खानापूरची निघाली, तर सुगीत तुम्ही आणि तो दोघेही रिकामे.

1 नोव्हेंबर ही कर्नाटकात पगारी सुट्टी आहे. 2026 मध्ये ती रविवारी येते, म्हणून घोळ कमी. तरी त्या दिवशी शहरात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसरीकडे मराठी भाषिकांच्या काळ्या दिनाची फेरी. ट्रक शनिवारीच काढा. सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीत त्या दिवशी सुट्टी नसते, त्यामुळे दोन्हीकडे माणसं पुरवणारा कंत्राटदार कर्नाटकाची सुट्टी धरायला विसरतो. ते तुम्हीच बघायचं.

गणपत गल्ली, खडे बाजारातल्या कापड दुकानांना हे सगळं लागू नाही. त्यांना पंधरा दिवस कॉलेजची पोरं पुरतात, आणि कोण कुणाचा भाचा हे दुकानदाराला पाठ असतं.

बोनस कधी द्यायचा, यावर मात्र दरवर्षी मालकांशी माझा वाद होतो. मार्चअखेरच्या हिशेबाला कायद्याने नोव्हेंबरअखेरपर्यंत मुदत आहे. बोनस घेऊन माणूस शेजारच्या शेडमध्ये जाईल या भीतीने काही जण दिवाळीनंतर देतात. माझ्या हजेरीत गेलेले दोघे ऑपरेटर बोनस उशिरा मिळाला म्हणून गेले होते. यंदा धनत्रयोदशीच्या आधी वाटप करायचं ठरलंय. पेन्सिलीच्या यादीत आजघडीला 23 नावं आहेत, त्यातली नऊ सुगीची.