चार दिवसांत स्वीकारलेला शोधनिबंध

ज्यांना पहिला शोधनिबंध छापून यायची घाई आहे आणि ज्यांच्या मेलवर सध्या एखादं फार आपुलकीचं निमंत्रण येऊन पडलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. अशाच एका निमंत्रणाला भुलून एका फसव्या जर्नलमध्ये माझे पैसे गेले. ते मी विसरेन. पण दोन वर्षं खपून गोळा केलेलं काम ज्या तऱ्हेनं हातातून गेलं, ते विसरता येत नाही.

माझा प्रबंध शाळकरी मुलांच्या मूकवाचनावर होता. मूल किती वेगानं वाचतं आणि वाचलेलं त्याला किती समजतं, या दोहोंचा संबंध कसा असतो, एवढाच प्रश्न. प्रबंध मान्य झाल्यावर त्यातल्या तीन प्रकरणांवरून तीन स्वतंत्र निबंध तयार केले. एकच निबंध एकाच वेळी दोन जर्नलना पाठवायचा नसतो, हा नियम मला माहीत होता. म्हणून तीन निबंध तीन वेगवेगळ्या ऑनलाइन जर्नलना पाठवले. कोणाचा अनुभव बरा येतो ते बघून पुढचं लेखन तिकडे द्यायचं, असा बेत होता. वहीत रकाने आखले: पाठवल्याची तारीख, उत्तराची तारीख, निकाल. माझी खरी चूक त्या वहीतच होती. निबंधाबद्दल त्यांनी मला काय विचारलं, असा रकाना मी आखलाच नव्हता.

पहिल्या जर्नलचं उत्तर नवव्या दिवशी आलं. दोन वाक्यं. विषय आमच्या कक्षेत बसत नाही, अमुक प्रकारच्या जर्नलकडे पाठवून पाहा. मी वहीत ‘नकार’ लिहिलं आणि दिवसभर उदास राहिले. दुसऱ्या जर्नलकडून निबंध मिळाल्याची पोच आली आणि मग पाच महिने शांतता.

तिसऱ्याला मी शोधलंच नव्हतं, त्यानंच मला शोधलं. मेलमध्ये मला ‘आदरणीय प्राध्यापक’ म्हटलं होतं. मी तेव्हा प्राध्यापक नव्हते. प्रबंधाचं पूर्ण शीर्षक उद्धृत करून हे काम ‘अत्यंत मोलाचं’ असल्याचं लिहिलं होतं. विशेषांक निघतो आहे, शेवटची तारीख जवळ आहे, आपल्यासारख्यांचा सहभाग हवा आहे. प्रबंधाचं शीर्षक विद्यापीठाच्या संग्रहात कुणालाही दिसतं, ते उचलून हजारो मेल पाठवता येतात, हे तेव्हा सुचलं नाही. कुणीतरी आपलं काम वाचलं, या विचारानंच मी हरखून गेले होते. शुक्रवारी निबंध पाठवला. मंगळवारी स्वीकृतीपत्र हातात.

सोबत समीक्षकाचा, म्हणजे छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञाचा, अहवाल होता. एक पानी तक्ता, सहा ओळी, प्रत्येक ओळीपुढे ‘उत्कृष्ट’ या चौकटीत खूण. खाली एकच सूचना, संदर्भांची मांडणी एकसारखी करा. आनंदानं ते पत्र मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, “अभिनंदन. पण बदल काय सांगितलेत?”

“काहीच नाहीत, मॅडम.”

“काहीच नाहीत?” एवढं म्हणून त्या थांबल्या. मला ते थांबणं कौतुकाचं वाटलं.

स्वीकृतीपत्राबरोबर दोन कागद होते, शुल्काचं बिल आणि कॉपीराइट हस्तांतरणाचा फॉर्म. निबंध पाठवताना वेबसाइटवर शुल्काचा आकडा कुठे दिसला नव्हता. बिलावर लिहिलं होतं की ४८ तासांत भरल्यास सवलत. मी पैसे भरले आणि फॉर्मवर सही करून तो परतही पाठवला. इथे वाचणाऱ्यानं थांबावं असं मला वाटतं, कारण पुढचं सगळं त्या सहीमुळे झालं. मग डीओआयसाठी, म्हणजे निबंधाच्या कायमच्या ऑनलाइन ओळखक्रमांकासाठी, वेगळी रक्कम मागितली, नंतर प्रमाणपत्रासाठी. दोन्ही मी भरल्या. आधी गेलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस आणखी भरत राहतो.

दरम्यान दुसऱ्या जर्नलचं उत्तर आलं. दोन समीक्षक, मिळून चार पानं टिपणं. पहिले वाचन मी रडवेली होऊन केलं. दुसऱ्या समीक्षकानं तर माझ्या प्रत्येक तक्त्यातल्या बेरजा करून पाहिल्या होत्या. पहिल्या चाचणीला हजर असलेली काही मुलं दुसऱ्या चाचणीत दिसत नाहीत, ती कुठे गेली, असं त्यानं विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. उत्तर शोधायला मी मूळ नोंदी काढल्या आणि मनात आलं, की बेरजा तपासतेच आहे तर तिन्ही निबंधांच्या तपासू.

स्वीकारल्या गेलेल्या निबंधात चूक सापडली. मुलांचे चार गट केले होते आणि त्यांची टक्केवारी ३१, २७, २९ आणि २१ अशी छापायला दिली होती. बेरीज १०८. शेवटचा आकडा १३ हवा होता. प्राथमिक चाचणीच्या जुन्या तक्त्यातला २१ तसाच राहून गेला होता. आणि तो गट साधासुधा नव्हता. सावकाश वाचणारी पण वाचलेलं पूर्ण समजणारी मुलं, म्हणजे माझ्या निबंधाचा गाभा. ‘पाचातलं एक मूल असं वाचतं’ हे माझं वाक्य त्याच चुकीच्या आकड्यावर उभं होतं.

मी लगेच जर्नलला लिहिलं, की निष्कर्ष बदलणारी चूक सापडली आहे, दुरुस्त निबंध जोडला आहे, कृपया तोच छापा. उत्तर अर्ध्या तासात आलं. दुरुस्तीचं शुल्क इतकं इतकं. कसली चूक, कुठल्या तक्त्यात, निष्कर्ष कसा बदलतो, यातलं एक अक्षरही विचारलेलं नव्हतं. मॅडमचा तो प्रश्न त्या क्षणी मला कळला.

मग चौकशीला बसले. जे पाठवण्याआधी करायला हवं होतं, ते सगळं एका रात्रीत केलं. आठ अंकी आयएसएसएन खरा निघाला. पण तो नियतकालिकाचा ओळखक्रमांक असतो, दर्जाचा दाखला नव्हे. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ (जर्नलमधले निबंध सरासरी किती वेळा उद्धृत होतात त्याचं माप) म्हणून दिलेला आकडा कुठल्याशा अनोळखी संस्थेचा होता. संशोधक ज्याला इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतात तो क्लॅरिव्हेट या कंपनीच्या ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’मधून येतो आणि त्या यादीत हे जर्नल नव्हतं. गूगल स्कॉलरमध्ये नोंद असल्याची फुशारकी होती, पण तिथे संगणक आपोआप मजकूर गोळा करतो, कुणी निवड करत नाही. खुल्या, म्हणजे वाचकांना मोफत मिळणाऱ्या, जर्नलांची डीओएजे ही यादी २००३ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात सुरू झाली, तिथे शोधलं तर नाव नाही. जुन्या अंकांतले डीओआय घेऊन डीओआयच्या अधिकृत साइटवर टाकले, एकही उघडला नाही. ज्याचे मी वेगळे पैसे भरले होते, ती वस्तूच अस्तित्वात नव्हती.

संपादक मंडळात एका नामांकित विद्यापीठातल्या संशोधिकेचं नाव होतं. जर्नलनं दिलेला पत्ता टाळून मी त्यांच्या विद्यापीठाच्या पानावरच्या पत्त्यावर लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, की हे नाव परवानगीशिवाय टाकलं आहे आणि काढा म्हणून तीनदा लिहून झालं आहे. अशा मंडळांचं खरं रूप पोलंडच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात उघड केलं होतं. त्यांनी ‘ॲना ओ. शुस्त’ नावाची एक काल्पनिक संशोधिका उभी केली आणि तिच्या नावानं ३६० जर्नलांकडे संपादकपदासाठी अर्ज केले. ४८ जर्नलांनी तिला नेमलं. पोलिश भाषेत ‘ओशुस्त’ म्हणजे ठग.

त्या रात्री वाचलेल्यातला सर्वांत झोंबलेला मजकूर मात्र विज्ञान पत्रकार जॉन बोहॅनन यांचा होता. ‘सायन्स’ या नियतकालिकात ऑक्टोबर २०१३ मध्ये त्यांनी आपला प्रयोग मांडला. दगडफुलातल्या एका रेणूमुळे कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखली जाते, असा बनावट निबंध त्यांनी लिहिला. लेखक खोटे, संस्था खोट्या आणि चुका मुद्दाम ढळढळीत. मात्रा वाढेल तसा परिणाम वाढतो, असं मजकूर म्हणत होता आणि आलेखात तसं काही दिसत नव्हतं. हा निबंध थोड्याफार फरकानं ३०४ खुल्या जर्नलांकडे गेला. १५७ जणांनी स्वीकारला, ९८ जणांनी नाकारला. निर्णय दिलेल्या या २५५ पैकी सुमारे ६० टक्के ठिकाणी समीक्षेचा मागमूस नव्हता. विज्ञानातल्या चुकांवर बोट ठेवणारे अभिप्राय फक्त ३६ ठिकाणांहून आले आणि त्यातल्याही १६ जर्नलांनी निबंध स्वीकारलाच. मी तीन जर्नलांची तुलना वहीत करत होते. त्यांनी तीच ३०४ जर्नलांची केली होती, फक्त त्यांना काय मोजायचं ते ठाऊक होतं.

बोहॅनन यांच्या प्रयोगावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला पटतो. त्यांनी वर्गणी घेणाऱ्या जर्नलांकडे निबंध पाठवलाच नाही, त्यामुळे खुली जर्नलंच तेवढी वाईट, असं त्यावरून म्हणता येत नाही. ‘प्लॉस वन’ हे जर्नल खुलं आहे, लेखकांकडून शुल्कही घेतं, आणि तिथे तो निबंध कसून तपासून नाकारला गेला. शुल्क घेणं म्हणजे फसवणूक नव्हे. ते आधी न सांगणं आणि समीक्षा न करताच केली म्हणणं, ही फसवणूक.

दुसऱ्या दिवशी मी निबंध मागे घेत असल्याचं कळवलं. उत्तर आलं, की मागे घेण्याचं शुल्क भरा. ते प्रकाशन शुल्काहून जास्त होतं. मी नकार दिला आणि पुढच्याच सकाळी निबंध साइटवर झळकला, १०८ टक्क्यांच्या तक्त्यासकट. ही युक्ती नवी नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१६ मध्ये एका मोठ्या प्रकाशन समूहावर दावा लावला, त्यातल्या तक्रारी जवळपास याच होत्या: समीक्षेचा खोटा दावा, शुल्क दडवून ठेवणं, निबंध मागे घेऊ न देणं. २०१९ मध्ये न्यायालयानं त्या समूहाला ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली. ते वाचून धीर आला, पण माझा निबंध काही खाली उतरला नाही.

दुरुस्त केलेला निबंध मी एका चांगल्या जर्नलकडे पाठवला आणि सोबतच्या पत्रात घडलेलं सगळं खरं लिहिलं. संपादकांनी सहानुभूतीनं उत्तर दिलं. हा निबंध प्रकाशित झालेला आहे, कॉपीराइटही दुसऱ्याकडे आहे, आम्हाला घेता येणार नाही. त्यांचं बरोबरच होतं. ज्या जर्नलनं चार पानं टिपणं पाठवली होती, तिथला निबंध दोन फेऱ्या दुरुस्त होऊन पाठवल्यापासून अकराव्या महिन्यात छापून आला. मॅडम म्हणाल्या, मूळ निबंधापेक्षा तो खूप चांगला झाला आहे, आणि त्याचं निम्मं श्रेय त्या निनावी समीक्षकाला दे.

कुणी विचारलं तर मी आता एवढंच सांगते, की कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करण्याआधी समीक्षकाचा अहवाल समोर ठेवा आणि हा आपल्या निबंधाऐवजी दुसऱ्या कुठल्या निबंधाला जोडला असता तर चालला असता का, ते बघा. माझा तर वनस्पतिशास्त्राच्या निबंधालाही चालला असता.

मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीचा मेल आला. तिनं तो निबंध आपल्या प्रकल्पासाठी वाचला होता. ‘पाचातलं एक मूल’ हे वाक्य तिला वापरायचं होतं. तिनं लिहिलं होतं, “मॅम, चारही गटांची बेरीज १०८ येते आहे. माझं काही चुकतंय का?” मी तिला दुरुस्त तक्ता आणि मूळ नोंदी पाठवल्या आणि माझा तो निबंध उद्धृत करू नको, असं कळवलं.