शटर गाइडमधून निसटलं: ठोकून बसवायचं, गाइड बदलायची की नवंच करायचं?

पाथर्डी फाट्याकडच्या रो-हाउसचं पार्किंग असो की मेन रोडवरचा गाळा, नाशकात गॅरेजचं दार म्हणजे बहुतेक ठिकाणी गुंडाळून वर जाणारं लोखंडी शटरच. ते एका बाजूने गाइडबाहेर, म्हणजे ज्या उभ्या लोखंडी खाचेतून (चॅनलमधून) ते वर-खाली सरकतं तिच्याबाहेर, येऊन तिरकं अडकलं की तीन मिस्त्री तीन सल्ले देतात: ठोकून बसवू, गाइड बदलू, किंवा "साहेब, आता हे काढाच". तिन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर असू शकतात. आपल्याला कुठला लागू पडतो ते शटर कशामुळे निसटलं यावर ठरतं, आणि एवढं पाहायला टॉर्च आणि ओळंबा पुरतो.

त्याआधी, अडकलेलं शटर जोर लावून हलवू नका. शटर खाली असताना वरच्या पाइपवरच्या स्प्रिंगा सगळ्यात जास्त ताणात असतात. अर्ध्यावर अडकलं असेल तर खाली लाकडी टेकू द्या, मोटर असेल तर तिची वीज बंद करा, मगच जवळ जा. स्प्रिंग सोडणं किंवा भरणं हे घरच्या माणसाचं कामच नाही.

आता पाहायचं काय? गाइडचं तोंड एकाच ठिकाणी फाकलंय का? तसं असेल तर तो गाडीचा धक्का. रिव्हर्स घेताना बंपर लागतो, चॅनलचा ओठ उघडतो आणि शटरच्या आडव्या पट्ट्या तिथून बाहेर पडतात. बाकी सगळं सरळ असेल तर ठोकून बसवणंच योग्य. आतून लोखंडी पट्टी धरून बाहेरून ठोकायचं, म्हणजे गाइडची फट सगळीकडे सारखी राहते. नुसतं बाहेरून चेपलं तर फट अरुंद होते आणि शटर तिथेच घासत राहतं. काम थोड्या वेळाचं, खर्च मजुरीचा. पण गाइड त्याच जागी दुसऱ्यांदा वाकली की पत्रा कमकुवत झालेला असतो. तेव्हा पुन्हा ठोकण्याचे पैसे वाया.

गाइड सरळ आहे, तरी शटर निसटतं? मग पट्ट्यांची टोकं पाहा, कारण खरा दोष बऱ्याचदा तिथेच असतो आणि मिस्त्री नेमका तोच सांगायचा राहतो. पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात, पण आडव्या सरकू शकतात. त्या सरकू नयेत म्हणून टोकांना क्लिपा बसवलेल्या असतात. क्लिप तुटली की पट्टी हळूहळू एका अंगाला जाते. एका गाइडमध्ये रुतते, दुसऱ्या गाइडमधून सुटते. अशा वेळी गाइड बदलली तरी काही महिन्यांत पुन्हा तेच. सरकलेल्या पट्ट्या जागेवर आणून नव्या क्लिपा टाकणं, वाकलेल्या दोन-चार पट्ट्या बदलणं, एवढंच काम असतं. पट्टी मात्र त्याच घडीची आणि त्याच जाडीची हवी. 18 गेज म्हणजे साधारण 1.2 मिलिमीटर, 20 गेज म्हणजे 0.9. कोपऱ्यावरच्या दुकानात नाही मिळाली तर सातपूर किंवा अंबडच्या फॅब्रिकेटरकडे तुकडा नेऊन दाखवावा.

तिसरी खूण खालच्या पट्टीची. शटर खाली येताना एक कोपरा आधी जमिनीला टेकत असेल, तर गडबड वर आहे: ब्रॅकेट ढिला, पाइप तिरपा किंवा दोन्हीकडच्या स्प्रिंगांचा ताण वेगळा. इथे गाइडला हात लावणं म्हणजे दुखणं गुडघ्याला आणि मलम कपाळाला. ब्रॅकेट पक्का करून ताण सारखा करून घ्या.

गाइड खरंच बदलायची वेळ येते ती गंजाने. पाऊसपाणी आणि धूळ गाइडच्या तळाशी साचते, आणि खालचा वीतभर भाग गंज आधी खातो. सराफ बाजार, भांडी बाजारात 2016 आणि 2019 च्या पुरात गोदावरीचा गाळ शिरला. तिथल्या जुन्या शटरांची गाइड तळाशी खरवडून पाहायलाच हवी. वरचा भाग ठणठणीत असेल तर खालचा तुकडा कापून नवा वेल्ड करता येतो. जोड आतून घासून सपाट केलाच पाहिजे, नाहीतर पट्ट्या त्यालाच अडकतात. वर रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल प्रायमर) मारून घ्या. पूर्ण गाइड काढायची तर आधी पाहा, ती भिंतीत किती गाडली आहे. वरून टाइल किंवा ग्रॅनाइट बसवलेलं असेल तर शटरवाल्यापेक्षा गवंड्याचं बिल जास्त होतं.

आणि नवं शटर? पट्ट्यांच्या घड्याच गंजून उलगडायला लागल्या असतील, स्प्रिंगाही थकल्या असतील, तर डागडुजीत जीव नाही. एरवी, एका बाजूने निसटलं म्हणून अख्खं शटर बदला असं कोणी म्हणत असेल तर दुसऱ्याला दाखवा. भाव स्क्वेअर फुटावर असतो, त्यामुळे मापात वरच्या गुंडाळीची उंची धरली आहे का ते विचारा. स्प्रिंगा, लॉक आणि बसवणी त्यातच की वेगळी, हेही लिहून घ्या. जुनं शटर भंगारात वजनावर जातं. ते पैसे बिलातून वळते करायला सांगायला लाजू नका.

कुठलाही पर्याय घेतलात तरी गाइडमध्ये घट्ट ग्रीस भरू नका. धूळ बसून त्याचा चिखल होतो. गाइड कोरडी पुसून सिलिकॉन स्प्रे पुरे, ग्रीस बेअरिंगला. आणि आकड्याने एकाच कोपऱ्यातून ओढायची सवय असेल तर ती मधोमध आणा.

काही नव्या बंगल्यांत मात्र छताखाली सरकत जाणारं, मोठ्या फळ्यांचं दार असतं. त्याचा हिशोब वेगळा. चाक रुळातून एकाच ठिकाणी निघालं आणि दोन्हीकडच्या तारा ताठ असतील, तर दार आधार देऊन, रुळाचा ओठ जरा उघडून चाक आत घालता येतं. तार सैल पडली किंवा ड्रमवरून उतरली असेल तर थांबा, कंपनीचा माणूसच बोलवा. मोटर सोडवायची लाल दोरी दार वर असताना ओढू नका. स्प्रिंग तुटलेली असेल तर सगळं वजन खाली येतं.