‘फुल्ली अपग्रेडेड’ गिटार घेताय? आधी पिकगार्ड उघडायला लावा

सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार शोधताय आणि बजेट पंधरा-वीस हजार आहे, तर हे वाचाच. माझे पैसे गेले ते गेले, पण हा माणूस अजून पुण्यात गिटारी विकतोय.

जाहिरात होती स्क्वायर बुलेट स्ट्रॅटची, एचएसएस, म्हणजे ब्रिजला (तारा खाली जिथे अडकवतात तिथे) हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल; हे दोन्ही पिकअपचे, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबक-कॉइलचे प्रकार. साधी बिगिनर गिटार. पण खाली लिहिलेलं ‘फुल्ली अपग्रेडेड’: ब्रिजला सीमोर डंकन कंपनीचा महागडा जेबी पिकअप, सिंगल कॉइल अल्निको ५ चुंबकाचे, पॉट्स (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे भाग) सीटीएस कंपनीचे, नट (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) हाडाचा. किंमत २१ हजार, घासाघीस करून १८ ला आला. आता हिशोब बघा, एवढा माल खरंच बसवलेला असेल तर नुसते पार्टच गिटारीच्या किमतीला भिडतात, त्यामुळे कोणालाही वाटणार की लॉटरी लागली.

सिंहगड रोडला त्याच्या घरी गेलो. पोरगा बोलायला एकदम गोड, दादा दादा करत चहा वगैरे पाजला. गिटार वाजवून दाखवली ती लॅपटॉपवर, हेडफोन लावून, फुल डिस्टॉर्शनमध्ये (आवाज मुद्दाम फाडून), आणि एवढ्या गेनमध्ये खराट्याला तारा बांधल्या तरी मेटल वाजेल हो. टेबलावर डंकनचा खोका ठेवलेला, एक कोपरा फाटलेला. खोका खराच होता, फक्त रिकामा होता, आणि त्याचं म्हणणं की पिकअप गिटारमध्ये आहे म्हटल्यावर खोका रिकामाच असणार ना. बरोबरच आहे की! मी म्हटलं पिकगार्ड (पिकअप ज्यावर बसवतात ते वरचं प्लास्टिकचं पान) उघडून दाखव, तर म्हणे दादा तारा काढाव्या लागतील, नवीनच टाकल्यात, सेटअप बिघडेल. तिथेच यूपीआय करून गिटार घेऊन आलो.

घरी ॲम्पला लावली, क्लीनवर, तर सिंगल कॉइलवर खरखर आणि आवाज पातळ. व्हॉल्यूम तर अजब, १० वरून ३ पर्यंत फिरवा काही फरक नाही आणि त्याच्या खाली एकदम गायब. तापकीर गल्लीतून मल्टिमीटर आणला (तीनशे-चारशेचा साधा चालतो). गिटारला केबल लावायची, व्हॉल्यूम फुल, स्विच ब्रिजवर, मीटर २० के ओहमवर ठेवून केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिनच्या टोकाला एक प्रोब आणि मागच्या दांड्याला एक. जेबी असेल तर पंधरा-सोळा के दाखवायला पाहिजे. माझं आलं ७.९. रीडिंग बरोबर आलं म्हणजे पिकअप ओरिजिनल असं नाही बरं का, डुप्लिकेटवाले पण तेवढे वेढे गुंडाळू शकतात, पण एवढं कमी आलं तर पुढे बोलायची गरजच नाही.

मग तारा ढिल्या केल्या आणि पिकगार्ड उचललाच. हंबकरमधून एकच करडी केबल येत होती, आत एक वायर आणि भोवती जाळी. जेबीला काळी, पांढरी, लाल, हिरवी अशा चार वायरी आणि शिवाय एक उघडी अर्थची असते. सिंगल कॉइल उलटे केले तर खाली काळी पट्टी डिंकाने चिकटवलेली, ती सिरॅमिक मॅग्नेट. अल्निकोवाल्या स्ट्रॅट पिकअपला अशी पट्टी नसतेच, वरचे सहा खिळेच मॅग्नेट असतात. पॉट्स बारके, अगदी रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, वर बी५००के छापलेलं, म्हणजे लिनियर, रेझिस्टन्स समान प्रमाणात बदलणारे, पण कानाला तसं ऐकू येत नाही, म्हणून व्हॉल्यूमचा तो तमाशा. आणि सगळ्यात भारी म्हणजे सोल्डरिंग कंपनीचंच, कोणी सोल्डरिंग आयर्न लावल्याचं चिन्हच नाही. म्हणजे त्याने गिटार कधी उघडलीच नव्हती! अपग्रेड म्हणाल तर तारा. त्या मात्र खरंच नव्या होत्या.

फोन केला तर आधी म्हणे मी पण अशीच घेतली होती दादा, मग म्हणे चॅटवर कुठे लिहून दिलंय, मग ब्लॉक. जाहिरात तोवर डिलीट. स्क्रीनशॉट काढून ठेवा रे आधी, माझ्याकडे नुसता पेमेंटचा होता.

आणि एक, पार्ट खरे असले तरी त्याचे पूर्ण पैसे देऊ नका. स्वस्त गिटारमध्ये टाकलेला महागडा पिकअप विकताना वसूल होत नाही, म्हणून शहाणा माणूस विकायच्या आधी तो काढून जुना परत बसवतो आणि पिकअप वेगळा विकतो. जो सगळं आत ठेवून स्वस्तात देतोय त्याला विचारा का. मी नंतर एका रिपेअरवाल्याकडून नेक सरळ करून, ॲक्शन (तारांची उंची) आणि इंटोनेशन (नेकवर सगळीकडे सूर बरोबर लागणं) लावून घेतलं, हजाराच्या आत काम झालं आणि गिटार आता बऱ्यापैकी वाजते, साध्या बिगिनर गिटारीने वाजायला पाहिजे तशी.

परवा दुसऱ्या नावाने जाहिरात दिसली, यावेळी टेलिकास्टर टाइप, आणि फोटोत शेजारी तोच फाटक्या कोपऱ्याचा खोका. कोणी बघायला जाणार असेल तर फुलीच्या टोकाचा (फिलिप्स) स्क्रूड्रायव्हर आणि तारांचा एक जादा सेट सोबत न्या, म्हणजे तारा नवीन आहेत हे कारण चालणार नाही.