हमरस्त्यावरची बाग की गावातलं रान? स्ट्रॉबेरी तोडायला जाण्याआधी

थंडी पडली की साताऱ्यात राहणाऱ्या माणसाच्या घरी पाहुणे वाढतात. पुण्या-मुंबईचे येतात, तासगाव-मिरजेकडचे येतात, आणि पोरांचं पहिलं मागणं एकच, स्ट्रॉबेरी तोडायला चला. पाचगणी-महाबळेश्वर पट्ट्यात त्यासाठी दोन पर्याय आहेत. हमरस्त्याला लागून असलेली, ‘स्वतः तोडा’ अशी पाटी लावलेली बाग. नाहीतर भिलार, खिंगर, राजपुरी, कासवंड अशा एखाद्या गावातल्या, कुणाच्या तरी ओळखीनं गाठलेल्या शेतकऱ्याचं रान. मी पाहुणे घेऊन दोन्हीकडं फिरलोय, म्हणून लोक मला विचारतात. एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

सोयीचा मुद्दा आधी संपवतो. त्यात पाटीवाली बाग सरळ पुढं आहे. गाडी लावायला जागा, स्वच्छतागृह, बसायला खुर्च्या, शेजारीच क्रीमचा स्टॉल. गुडघे दुखणारी आई किंवा अंगावरचं बाळ बरोबर असेल, तर बाकीचं न वाचताही तिथं जावं, मी काही बोलणार नाही. न ठरवता गेलात तरी चालतं, हाही मोठा फायदा. आणि ज्यांना तोडण्यापेक्षा खाण्यातच रस आहे त्यांनी कुठल्याच रानात न जाता गुरेघरला मॅप्रो गार्डन गाठावं. सँडविच आणि क्रीम खाऊन मंडळी खूश होतात आणि कुणाचे बूट लाल मातीनं माखत नाहीत.

माझं मन पाटीवाल्या बागांवरून उतरलं ते दरामुळं नाही. तोडण्याचा दर स्टॉलवरच्या ढिगापेक्षा जास्त असतो, ते मला मान्य आहे. पोरांची हौस फुकट होत नाही. खटकली ती दुसरीच गोष्ट.

स्ट्रॉबेरीचा तोडा पहाटे होतो. ऊन चढायच्या आत बायका बेडांमधून, म्हणजे गादीवाफ्यांमधून, फिरून तयार फळ काढतात, कारण थंड असताना काढलेलंच फळ टिकतं. पर्यटक उठून, नाश्ता करून, पसरणीचा घाट चढून, पाचगणीच्या गर्दीतून वाट काढून पोचतात अकरा-साडेअकराला. तोवर लाल म्हणावं असं सगळं डब्यांत भरून झालेलं असतं. आम्ही गेलो त्या बागेत, नाव कशाला घ्या, पाहुण्यांसाठी कडेच्या चार-सहा ओळी राखून ठेवल्या होत्या. शनिवार होता. आमच्या आधी कितीतरी कुटुंबं तिथून फिरून गेली असणार. वाफ्यांवर अंथरलेला मल्चिंगचा प्लास्टिक कागद पायांनी फाटलेला, पानं उलटीपालटी झालेली, आणि झाडावर उरलेली फळं निम्मी पांढरी. खालचं टोक लाल, पण देठाजवळचे खांदे पांढरेफटक.

पोरांना काय, त्यांनी टोपली भरली. वजन झालं, पैसे दिले. राखणदाराला विचारलं तर म्हणाला, “घरी ठेवा साहेब, उद्यापर्यंत लाल होतंय.” हे चूक आहे. आंबा, केळी आढीत पिकतात. स्ट्रॉबेरी झाडावरून निघाली की पिकायची थांबते. रंग थोडाफार गडद होईल, पण गोडी वाढत नाही, फळ फक्त मऊ पडत जातं. आमचंही तेच झालं. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर खांदे तसेच फिके, खालून पाणी सुटलेलं, चव काकडीच्या जवळपास. पैसे देऊन स्वतःच्या हातानं कच्चं फळ तोडून आणायचं, हे काही मला पटलं नाही.

सगळ्याच बागा अशा असतील असं नाही. आठवड्याच्या मधल्या वारी एखादी चांगली निघत असेलही.

गावातल्या रानात फरक पडतो तो इथंच, आणि त्यामागं शेतकऱ्याच्या चांगुलपणापेक्षा व्यवहार जास्त आहे. मुंबई-पुण्याच्या बाजारात जाणारं फळ पूर्ण लाल होऊ देत नाहीत, नाहीतर वाटेतच त्याचा लगदा होईल. ते पाऊण रंगावर काढतात. एखादं फळ पानाआड राहून झाडावरच पूर्ण पिकलं, तर व्यापाऱ्याच्या दृष्टीनं ते निकामी. आपल्याला नेमकं तेच हवं असतं! म्हणून सकाळी सातला पोचलात तर तोड्याच्या बायकांच्या मागून त्याच ओळीत चालायला मिळतं आणि त्यांनी सोडलेलं गर्द लाल फळ आपलं.

खिंगरच्या बाजूला एका वहिनींनी आमच्या पुतणीला तोडायचं कसं ते शिकवलं. फळाला चिमटीत धरून ओढायचं नाही. देठ दोन बोटांत घ्यायचा, नखानं दाबायचा, हिरवी टोपी फळावरच ठेवायची. “टोपी निघाली की फळ रडतंय बघ,” म्हणाल्या. पुतणीनं पांढऱ्या खांद्याच्या फळाला हात घातला तर लगेच, “अगं ते नको, परवा ये त्याला.” पाटीवाल्या बागेत असं कुणी थांबवत नाही. वजन वाढत असताना थांबवेल कशाला?

वाणसुद्धा तिथंच कळतात. ही ओळ कॅमारोझा, फळ टणक, प्रवासाला चांगलं, चवीला जरा आंबटसर. ती स्वीट चार्ली, गोड पण नाजूक, घरी जाईपर्यंत संपवा. पलीकडं विंटर डॉन, हंगामाच्या सुरुवातीला येणारी. रोपं दरवर्षी नवी लावायची, मातृरोपं परदेशातून येतात, त्यांच्या रोपवाटिका घाटाखाली वाईकडं, आणि लागण पाऊस ओसरताना. या पट्ट्यातल्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, एवढं आपण वाचलेलं असतं. त्यामागची मेहनत बांधावर उभं राहिल्यावर समजते.

आणखी एक. एकदा फोनवर साफ नकार मिळाला. “आज नका येऊ पाव्हणं, काल फवारणी झालीया. चार दिवस जाऊ द्या.” पाहुणे हिरमुसले, पण मला तो माणूस तेव्हापासून जास्तच आवडतो. पोरं तोडतात कमी आणि तोंडात टाकतात जास्त, हे त्याला माहीत असतं.

गावाकडच्या अडचणीही सांगायला हव्यात. आधी फोन लागतो, आणि फोनसाठी ओळख लागते. स्वच्छतागृह म्हणजे त्यांच्या घरातलं. चहाला नाही म्हणता येत नाही, त्यात अर्धा तास जातो. अर्धा किलो घेऊन निघणं बरं दिसत नाही, दोन-तीन किलो घ्यावीच लागते. डिसेंबर-जानेवारीत दर चढा असताना शेतकऱ्याला तुमच्यासाठी वेळही नसतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत मात्र दर उतरतात, बरंच फळ जाम-सिरपच्या कारखान्यांकडं जातं, आणि मग तो स्वतःच म्हणतो, या, हवं तेवढं तोडा. फळ तेव्हा आकारानं लहान होतं. पोरांना त्याचं काही वाटत नाही.

आमच्या तासगावच्या मेव्हण्यांना मात्र हे सगळं अजब वाटतं. त्यांच्या द्राक्षबागेत पाहुण्यानं घडाला बोट लावलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडते, कारण मण्यांवरची पांढुरकी लव पुसली की भाव गेला. इथं अनोळखी पोरांना थेट पिकात सोडतात हे पाहून ते बांधावरच हात मागं बांधून उभे राहिले.

भिलारला गेलात तर दुपारही कारणी लागते. 4 मे 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत मांडलेली पुस्तकं कुणीही बसून वाचू शकतं. सकाळी रान, नंतर ओसरीवर पुस्तक, हा बेत म्हाताऱ्या माणसांनाही झेपतो. पाटीवाल्या बागेतून निघालं की पुढं वेण्णा लेकवरची गर्दीच असते.

तेव्हा माझा कौल कुठं झुकतो ते कळलंच असेल. तरी ओळख निघत नसेल, नाहीतर वेळ एका सकाळीचाच असेल, तर पाटीवाल्या बागेतही जाता येतं. फक्त शनिवार-रविवार टाळा आणि आठच्या आत पोचा. साताऱ्याहून निघत असाल तर मेढा-केळघरच्या रस्त्यानं वर चढा, पाचगणीची कोंडी चुकते. पैसे देण्याआधी तोडायच्या ओळी कुठल्या ते बघून घ्या आणि दोन-चार झाडांची पानं बाजूला करून फळांचे खांदे तपासा. बरोबर उथळ टोपली किंवा पसरट डबा ठेवा, खोल पिशवीत खालची फळं दबतात. आणि धुवायची घाई करू नका, खायच्या वेळीच धुवा.