‘बाराही महिने फुलणारा’ हायड्रेंजिया: विकत घेण्याआधी हे वाचा

साताऱ्यात मार्चमध्ये रोपांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या एका स्टॉलवरून आमच्या कॉलनीतल्या बऱ्याच जणींनी हायड्रेंजिया (मोठ्या गोंड्यांचं फुलझाड) घेतले. निळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या, प्रत्येकीत डोक्याएवढा गोंडा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीवर इंग्रजीत ‘एंडलेस समर’. साधा हायड्रेंजिया आमच्याकडे अडीचशे-तीनशेला मिळतो, हा साडेचौदाशेला. कारण हा म्हणे एकदा फुलून थांबत नाही. आत्ता फुलला, पावसात पुन्हा फुलेल, दिवाळीत पुन्हा.

अशी जात खरंच असते, आणि म्हणूनच ही फसवणूक खपून जाते. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या बेली नर्सरीत 1998 साली मायकेल डर या वनस्पतितज्ज्ञांच्या नजरेला एक झाड पडलं. तिथल्या कडाक्याच्या थंडीत हायड्रेंजियाच्या कळ्या जळून जातात, तरी हे झाड कोवळ्या फुटव्यांवर फुललेलं होतं. 2004 साली ते याच नावाने बाजारात आलं. स्टॉलवाल्याने ही सगळी गोष्ट बरोब्बर सांगितली. गोष्ट खरी होती. कुंडीतलं झाड त्या गोष्टीतलं नव्हतं, एवढंच.

पाऊस आला आणि गेला, दिवाळी झाली, फूल नाही. फोन केला. अगदी गोड आवाजात उत्तर: “ताई, पहिलं वर्ष आहे, मुळं धरतायत. कागद दिलाय ना? त्यात लिहिल्याप्रमाणे जानेवारीत छाटणी करा, मग बघा.” कागदावर लिहिलं होतं, ‘जानेवारीत जमिनीपासून वीतभर ठेवून सर्व फांद्या छाटा.’ बहुतेकींनी छाटल्या. मार्चमध्ये झाडं हिरवीगार झाली, पानं तळहाताएवढी, पण कळी औषधालाही नाही. पुन्हा फोन केला, तेव्हा तोच माणूस म्हणाला, “छाटली? मग फुलं कुठून येणार? तुम्हीच कळ्या कापल्यात. आणि छाटलेल्या झाडाला गॅरंटी नाही, कागदाच्या मागे वाचा.”

मागे खरंच होतं. बारीक अक्षरात: ‘छाटणी अथवा कुंडी बदल केल्यास जबाबदारी नाही.’ एकाच कागदाच्या पुढच्या बाजूला छाटा आणि मागच्या बाजूला छाटलंत तर आमचा संबंध नाही. एवढी कल्पकता त्याने रोपांवर दाखवली असती तर!

आता खरी मेख. मोठ्या गोंड्याच्या साध्या हायड्रेंजियाची कळी आदल्या हंगामात वाढलेल्या फांदीच्या टोकाशी, पाऊस संपून गारवा सुरू झाला की धरते. जानेवारीत ते टोक कापलं की त्या वर्षीची फुलं गेली. दुबार फुलणारी जात मात्र जुन्या फांदीवरही फुलते आणि त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यावरही. म्हणजे झाड खरंच त्या जातीचं असतं, तर वीतभर छाटूनही थोड्या उशिराने नव्या फुटव्यांवर कळ्या दिसायला हव्या होत्या. ‘तुम्ही छाटलंत म्हणून फुललं नाही’ हे वाक्य म्हणजे झाड साधं असल्याची त्याने स्वतःच दिलेली कबुली आहे.

शेजारच्या काकूंच्या झाडाने तर यावर शिक्काच मारला. त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून त्यांनी छाटणी केलीच नाही. त्यांच्या झाडाला एप्रिलमध्ये जुन्या फांद्यांच्या टोकांना छान गोंडे आले. एकदाच आले, नंतर वर्षभर नुसती पानं.

वहिनींच्या कुंडीची गोष्ट वेगळीच. पावसाच्या तोंडावर झाड कोमेजलं म्हणून उपसलं, तर फुलासकट कापलेल्या फांद्या ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) खोचलेल्या निघाल्या. एकीला जेमतेम मुळं होती, बाकीच्यांना काहीच नाही. म्हणून घेताना बुंधा धरून हलकेच वर ओढून बघा. मुरलेलं झाड कुंडीसकट उचललं जातं, खोचलेली काडी हातात येते.

निळ्या रंगाचंही तसंच. फूल निळंच राहावं म्हणून साडेतीनशेला ‘ब्ल्यू पावडर’ घ्यायला लावली होती. काकूंच्या जावयांचं कृषी सेवा केंद्र आहे. त्यांनी चिमूटभर जिभेला लावली आणि हसायलाच लागले. कुटलेली तुरटी! तुरटीचा उपयोग अगदीच नाही असं नाही. आम्ल मातीत झाडाला अॅल्युमिनियम मिळतं आणि त्याने फूल निळं होतं. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा; जितका कमी तितकी माती आम्ल) साडेपाचच्या खाली असेल तर निळं, साडेसहाच्या वर गेला की गुलाबी. महाबळेश्वरच्या तांबड्या जांभ्या मातीत निळं दिसणारं झाड आमच्या चुनखडीच्या काळ्या मातीत गुलाबी पडतं ते यामुळे. पण तुरटीचा हात सैल झाला तर मुळं जळतात. त्यात सोबत ‘फुलोरा खत’ म्हणून दिलेले दाणे डीएपी हे रासायनिक खत निघाले. त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) अॅल्युमिनियमला बांधून ठेवतं. एका पुडीने द्यायचं, दुसरीने काढून घ्यायचं, आणि पैसे दोन्हींचे. वर पांढरं झाड घेतलेल्या एकीला ‘पावडर टाका, हेच निळं होईल’ असंही सांगितलं होतं. पांढरा हायड्रेंजिया कशानेही निळा होत नाही.

कुणाला खरंच दुबार फुलणारं झाड हवं असेल तर पट्टीवर ‘एंडलेस समर’ हे मालिकेचं नाव वाचून थांबू नका, जातीचं नाव विचारा. त्या मालिकेत ब्लशिंग ब्राइड, ट्विस्ट अँड शाउट, ब्लूमस्ट्रक अशा वेगवेगळ्या जाती आहेत. आमच्या स्टॉलवर निळ्या, गुलाबी, पांढऱ्या सगळ्या झाडांना एकच पट्टी होती. दुसरं म्हणजे, एकाच झाडावर सुकलेला जुना गोंडा आणि बुडातून आलेल्या कोवळ्या फुटव्यावर नवी कळी, असं दोन्ही दिसत असेल तरच जास्तीचे पैसे मोजा. नुसत्या फुललेल्या झाडावरून काहीच कळत नाही, साधंही तेवढंच सुंदर फुलतं. आणि बर्फात कळ्या जळण्याचं दुखणं आपल्याकडे नाहीच. आपल्याकडे झाड मार खातं ते दुपारच्या उन्हाने. सकाळचं ऊन, दुपारी सावली, कुंडीत कायम ओल पण पाणी साचू न देणं आणि थंडीत कात्री लांब ठेवणं, एवढ्यावर अडीचशेचं झाडही वर्षातून एकदा मनापासून फुलतं.

पैशांचं म्हणाल तर ते परत आलेले नाहीत. स्टॉलवर बिल मागितलं तेव्हा ‘मशीन बंद आहे, व्हॉट्सअॅपवर पाठवतो’ म्हणाला होता. यूपीआयचे पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर गेले. आम्ही यूपीआयच्या नोंदी, पट्टीचे आणि कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. तुमच्याकडे त्या निळ्या कुंडीसोबत आलेला कागद असेल तर फेकू नका. छाटणीची सूचना आणि छाटणीची अट एकाच कागदावर आहे, यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही.